पालघर किनाऱ्यावरील पोहण्याच्या जागा

पालघर किनाऱ्यावरील पोहण्याच्या जागा : उत्तर कोकणात वैतरणा नदीच्या मुखापासून बोर्डीपर्यंतच्या सागरकिनाऱ्यावर समुद्रस्नानास व पोहण्यास योग्य ठरलेल्या जागा आणि त्या निवडण्याच्या रीतींचा इतिहास. हा किनारा पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून तो त्या जिल्ह्याच्या पालघर व डहाणू तालुक्यांत येतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे दातिवरे, एडवण, केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, मुरबे, नांदगाव, आलेवाडी, नवापूर, तारापूर, चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू, नरपड, घोलवड व बोर्डी ही त्यावरील प्रमुख गावे होत. हा किनारा सलग वाळूचा नाही आणि सलग खडकाळही नाही. वाळूची पुळण, काळे खडक, खाडीचे मुख व चिखलाचे खाजण ही येथे थोड्याथोड्या अंतराने एकामागून एक येतात. त्यामुळे पाण्यात कोठे उतरावे हा प्रश्न येथील रहिवाशांपुढे प्राचीन काळापासून आहे. या प्रश्नाला येथे स्थळाइतकेच वेळेचेही अंग आहे. भरतीच्या एका प्रहरी निर्धोक असलेली जागा दुसऱ्या प्रहरी घातक ठरते. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमारांकडे राहिले आणि किनाऱ्याचा वापर जसजसा बदलत गेला, तसतसे ते व त्याबरोबर काही जागाही मागे पडत गेल्या.

भूरचना : किनाऱ्यालगतचा खडक मुख्यतः दक्षिणेतील लाव्ह्यापासून बनलेला बेसाल्ट होय. लाटांच्या घर्षणाने त्याचे सपाट, उथळ मंच तयार झाले असून ओहोटीच्या वेळी ते उघडे पडतात. नांदगाव–आलेवाडी, तारापूरच्या दक्षिणेकडील भाग आणि वरोर–वाढवण येथे असे खडक विशेष आढळतात. त्यांच्या पृष्ठभागावर कालवांची धारदार कवचे व निसरडे शेवाळ असते. मधूनमधून पाणी साचलेले खळगे असतात. ओहोटीच्या वेळी या खडकांवर कालवे, खेकडे व खळग्यांत अडकलेले मासे गोळा करणे हा किनाऱ्यावरील स्त्रियांचा जुना उद्योग आहे. पोहणाऱ्याला मात्र हे खडक प्रतिकूल असतात. भूमध्य समुद्राच्या खडकाळ किनाऱ्यांशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. दक्षिण फ्रान्स, इटलीचा लिग्यूरिया प्रांत किंवा क्रोएशियाचा डाल्मेशिया भाग येथे खडक बहुधा सरळ खोल पाण्यात उतरतात, पाणी स्वच्छ असल्याने तळ दिसतो आणि पाण्याची पातळी दिवसभर जवळजवळ एकच राहते. तेथे पोहणारा खडकावरून थेट पाण्यात शिरू शकतो. पालघरचा खडकाळ मंच उथळ व लांबवर पसरलेला असून नद्या व खाड्यांनी आणलेल्या गाळामुळे पाणी गढूळ असते. पाण्याखाली काय आहे हे वरून दिसत नाही. म्हणून येथे पोहण्याच्या जागा दोन खडकांमधील वाळूच्या पट्ट्यांवर शोधाव्या लागतात.

भरती–ओहोटी : भूमध्य समुद्रात भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत असतो. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी तो सु. ४ ते ५ मी. होतो आणि उत्तरेस खंबायतच्या आखातात भावनगरजवळ १० मी.च्या आसपास जातो. पालघर–डहाणूचा किनारा या दोहोंच्या मध्ये येत असल्याने येथील चढउतार मोठा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सु. सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. नाविकांच्या स्थूल नियमाप्रमाणे एकूण चढाचा बारावा भाग पहिल्या तासात, दोन भाग दुसऱ्या तासात, तीन–तीन भाग तिसऱ्या व चौथ्या तासांत, दोन भाग पाचव्या आणि एक भाग सहाव्या तासात येतो. एकूण चढ ४·८ मी. धरला, तर मधल्या प्रत्येक तासात पाणी १·२ मी. चढते. पुळणीचा उतार शंभरास एक असेल, तर तेवढ्यात पाण्याची कड १२० मी. पुढे सरकते, म्हणजे मिनिटाला २ मीटर. ओहोटीच्या वेळी बाहेरच्या खडकावर किंवा वाळूच्या उंचवट्यावर गेलेल्या माणसाच्या मागील सखल भागात पाणी आधी भरते आणि परतीची वाट तुटते. या किनाऱ्यावरील धोक्याचे एक प्रमुख कारण हेच होय. बोर्डीसारख्या अतिशय मंद उताराच्या किनाऱ्यावर समुद्र ‘आत गेला’ असे म्हणतात, तेही याच हिशोबाने समजते. वरील उताराने ओहोटीची कड भरतीच्या कडेपासून जवळजवळ अर्धा किलोमीटर दूर जाते.

भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची रीत उत्तर कोकणातील मच्छीमारांत रूढ आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीचा तास स्थूलमानाने मिळतो. चतुर्थीस ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता आणि पौर्णिमा–अमावास्येस १२ वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती येते. मुंबईच्या मानाने डहाणूकडे ती थोडी उशिराने येते. पौर्णिमा व अमावास्येच्या मोठ्या भरतीस उधाण आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीस भांग म्हणतात; ओहोटीस किनाऱ्यावरील बोलीत सुकती असेही नाव आहे. पंचांग व बोटांवरची मोजणी एवढ्या साधनांवर होडी लोटण्याची, जाळे टाकण्याची व खाडी ओलांडण्याची वेळ ठरत असे. पोहण्याची वेळही यातूनच ठरे. भांगाच्या दिवशी प्रवाह मंद असतात, तर उधाणाच्या दिवशी खाडीच्या मुखाशी उतरते पाणी निष्णात पोहणाऱ्यालाही बाहेर ओढून नेते.

बंदरे व किल्ले : पाण्यात उतरण्याच्या चांगल्या जागा प्रथम होड्यांसाठी शोधल्या गेल्या. होडीला पाण्यात लोटण्यास व पाण्यातून ओढून घेण्यास खडकविरहित पुळण, लाटांपासून आडोसा आणि जवळ गोडे पाणी लागते. या तिन्ही गोष्टी खाड्यांच्या मुखाशी किंवा दोन खडकाळ भागांमधील लहान वळणांत सापडतात. मांगेला, वैती, कोळी व माच्छी या मच्छीमार समाजांच्या वस्त्या आणि त्यांच्या मागे भंडारी, वाडवळ आदी बागायतदारांच्या वाड्या अशा जागी वसल्या. केळवे–माहीमचा उल्लेख महिकावतीच्या बखरीच्या संदर्भात इतिहासकारांनी केला असून वि. का. राजवाडे यांनी ही बखर १९२४ मध्ये प्रसिद्ध केली.

१५३४ मध्ये वसईच्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई व तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या काळात व त्यानंतर या किनाऱ्यावरील किल्ल्यांचे जे जाळे दिसते, ते बहुतांशी उतरण्यायोग्य जागांचेच जाळे आहे. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर व डहाणू येथील किल्ले एखाद्या पुळणीवर किंवा खाडीच्या तोंडावर पहारा ठेवतात. केळव्याचा पाणकोट खाडीच्या मुखाशी असून ओहोटीस त्याच्यापर्यंत चालत जाता येते, भरतीस तो पाण्याने वेढला जातो. ज्या वेळापत्रकाने कोट सुरक्षित राही, तेच वेळापत्रक आज तेथे जाणाऱ्यास पाळावे लागते. चिमाजी आप्पांच्या उत्तर कोकणातील मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये माहीम व तारापूर हे किल्ले मराठ्यांनी घेतले आणि मे महिन्यात वसई पडली. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात या किल्ल्यांचे लष्करी महत्त्व संपले. त्यांच्या पायथ्याच्या पुळणी मात्र मासळी वाळविण्यासाठी, होड्या ओढण्यासाठी व पुढे स्नानासाठी वापरात राहिल्या.

स्नान व पोहणे : जुन्या काळी समुद्रात केवळ मौजेसाठी पोहण्याची रीत या भागात फारशी नव्हती. केळवे, माहीम, चिंचणी यांसारख्या बागायती गावांतील मुले वाड्यांच्या विहिरींत व तळ्यांत पोहणे शिकत. कमरेला वाळलेला भोपळा किंवा नारळांची जोडी बांधून प्रथम तरंगणे व मग हात मारणे असा शिकण्याचा क्रम असे. मच्छीमारांची मुले खाडीच्या उथळ पाण्यात, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आसपास शिकत. समुद्राचा संबंध धर्मविधीशी होता. पर्वकाळाखेरीज समुद्रास स्पर्श करू नये असा धर्मशास्त्रीय संकेत होता आणि अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण यांसारख्या पर्वांना समुद्रस्नान पुण्यकारक मानीत. या संकेताचा भरतीशी असलेला योग लक्षणीय आहे. पौर्णिमा व अमावास्येस सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी पूर्ण होऊन दुपारी बारापर्यंत पाणी चढत असते. म्हणजे पर्वाचे स्नान सकाळी केले, तर ते चढत्या भरतीत होते. त्या वेळी प्रवाह जोराचा असला, तरी तो माणसाला काठाकडे लोटतो. हा संकेत सुरक्षिततेसाठीच घातला गेला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्याने बहुसंख्य स्नाने दिवसाच्या योग्य भागात आणली, हे खरे. श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मासेमारीचा नवा हंगाम सुरू करण्याची प्रथा आहे. तोपर्यंत पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात न उतरणे हा मच्छीमारांचाही नियम असे.

आरोग्य व करमणूक यांसाठी समुद्रस्नान ही कल्पना युरोपातून आली. रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याने १७५० मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर ग्रंथ लिहिल्यानंतर इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्नानाची गावे वाढली. भूमध्य सागराचा फ्रेंच किनारा एकोणिसाव्या शतकात हिवाळी मुक्कामासाठीच प्रसिद्ध होता. उन्हाळ्यात तेथे पोहण्यासाठी जाण्याची रीत १९२० नंतरच्या दशकात रुळली. उत्तर कोकणात १८६०–७० या दशकात बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईपर्यंत पोहोचला आणि पालघर, बोईसर, डहाणू, घोलवड ही ठिकाणे मुंबईच्या आवाक्यात आली. डहाणू व बोर्डी येथे पारशी व अन्य कुटुंबे हवापालटासाठी येऊ लागली. लोहमार्ग किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत असल्याने ज्या गावांना स्थानकापासून सोयीचा रस्ता होता, ती गावे पुढे आली. पोहण्याच्या जागेची निवड अशा रीतीने प्रथमच पाण्याऐवजी वाहनाच्या सोयीवर अवलंबून राहिली. केळव्याची सुरूच्या बनाने आच्छादलेली लांब पुळण व शीतलादेवीचे मंदिर यांमुळे तेथे येणाऱ्यांची संख्या वाढली. १६ एप्रिल २०१३ रोजी विरारपलीकडे डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्यावर एका दिवसात येऊन परतणाऱ्यांची सोय झाली. हा प्रवासी गाडीच्या वेळापत्रकाने येतो, भरतीच्या वेळापत्रकाने येत नाही. सुटीच्या दिवशी दुपारी पाण्याची कड कोठे असेल, हे त्याला माहीत नसते. स्थानिक ज्ञान आणि नवा वापर यांच्यातील ही तूट केवळ सोयीची नसून तिच्यात जीविताचा प्रश्न आहे.

उद्योग व पाण्याची गुणवत्ता : तारापूर अणुवीज केंद्रासाठी हा किनारा निवडण्यामागे थंडाव्यासाठी लागणारे समुद्राचे विपुल पाणी आणि मुंबई व गुजरात या दोन्ही वीजक्षेत्रांशी असलेली जवळीक ही प्रमुख कारणे होती. प्रत्येकी २१० मेवॉ. क्षमतेच्या मूळ दोन अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. प्रत्येकी ५४० मेवॉ.च्या आणखी दोन भट्ट्या २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या; त्यांच्या उभारणीसाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांचे पुनर्वसन करावे लागले. अशा केंद्राभोवतीचा किनारा सुरक्षिततेसाठी सामान्य वापरास बंद राहतो. या दोन गावांतील लोकांच्या दृष्टीने घरांबरोबरच होडी लोटण्याच्या, कालवे काढण्याच्या व मुलांनी पाण्यात उतरण्याच्या जागाही गेल्या.

बोईसरजवळ १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापडप्रक्रिया व पोलाद यांचे कारखाने तेथे आले. त्यांचे सांडपाणी खाड्यांतून व नवापूरच्या बाजूने समुद्रात पोहोचते. त्यामुळे मासळीची हानी होते, अशी किनाऱ्यावरील गावांची तक्रार दीर्घकाळ आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणास जबाबदार उद्योगांकडून भरपाई घेण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. स्नानासाठी, पाण्यातील खेळांसाठी व व्यापारी मासेमारीसाठी वापरावयाच्या सागरी पाण्याचे निकष भारतात ठरविलेले आहेत. त्यांनुसार विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंचे प्रमाण १०० मिलि. पाण्यात १०० पर्यंत, पाच... इतके नव्हे तर जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ३ मिग्रॅ.पर्यंत आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिग्रॅ. असावा लागतो. स्नान व मासेमारी यांना एकाच वर्गात घालणारा हा निकष या किनाऱ्याच्या बाबतीत अन्वर्थक आहे. जे पाणी मासळीला सोसत नाही, ते पोहणाऱ्यालाही योग्य नसते.

डहाणू व वाढवण : डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव नाकारला. त्यानंतर पुन्हा मांडलेल्या बंदरास त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह अनुमती दिली, केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. सु. ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पात १,४४८ हेक्टर क्षेत्र समुद्रात भर घालून निर्माण करावयाचे असून १०·१४ किमी. लांबीचा लाटारोधक बांध योजला आहे. येथील नैसर्गिक खोली मोठ्या जहाजांस अनुकूल असल्याचे प्रकल्पाचे समर्थक सांगतात. मच्छीमार गावांचा त्यास मासेमारीची जागा व खडकाळ किनाऱ्यावरील जीवसृष्टी यांच्या कारणास्तव विरोध राहिला आहे. लाटारोधक बांधामुळे लाटांची दिशा व वाळूचे वहन बदलते, हा सागरी अभियांत्रिकीतील सर्वमान्य अनुभव आहे. कोठे पुळण वाढते, कोठे ती खचून खडक उघडा पडतो. त्यामुळे आसपासच्या गावांना पाण्यात उतरण्याच्या जागा नव्याने पारखाव्या लागतील.

याच तालुक्यातील डहाणूच्या पारनाका पुळणीस २०२५ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या व १९८७ पासून युरोपभर लागू झालेल्या या मानांकनात पाण्याची शुद्धता, किनाऱ्याचे व्यवस्थापन, पर्यावरणशिक्षण व सुरक्षितता यांची पाहणी होते. भूमध्य सागराच्या अनेक किनाऱ्यांवर पोहण्याची जागा निवडताना प्रवासी हाच झेंडा पाहतात. एकाच तालुक्यात एका बाजूस असे मानांकन आणि दुसऱ्या बाजूस महाबंदर, अशी आजची स्थिती आहे.

जागेची पारख : वरील इतिहासातून या किनाऱ्यावर पोहण्याची जागा पारखण्याचे काही नियम निष्पन्न होतात. जागा ओहोटीच्या वेळी चालून पाहावी. गढूळ पाण्याखालील खडक, खळगे व चिखल तेव्हाच दिसतात. पाण्यात चढत्या भरतीत उतरावे आणि पाणी उतरू लागण्यापूर्वी बाहेर यावे. खाडीच्या मुखापासून दूर राहावे, कारण तेथील उतरता प्रवाह सर्वांत जोराचा असतो. बाहेरच्या खडकावर किंवा वाळूच्या उंचवट्यावर भरती सुरू झाल्यावर थांबू नये. उधाणापेक्षा भांगाचे दिवस बरे. जून ते सप्टेंबर या काळात समुद्रात पोहू नये; ऑक्टोबरपासून पुढे समुद्र शांत होत जातो, तरी उन्हाळ्यातील दुपारच्या वाऱ्याने लाटा वाढतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थानिक मच्छीमारास विचारल्याखेरीज अपरिचित जागी उतरू नये.

यांतील कोणताही नियम नवा नाही. केळवे, सातपाटी, तारापूर वा वाढवण येथील मच्छीमार कुटुंबांत ते व्यवहाराचा भाग म्हणून चालत आले आहेत. पुळणीच्या प्रवेशाशी तिथीप्रमाणे भरतीच्या वेळा लिहिलेला फलक लावणे आणि जीवरक्षक म्हणून किनाऱ्यावरील गावांतील तरुणांस प्राधान्य देणे, एवढ्या अल्प खर्चात हे ज्ञान बाहेरून येणाऱ्यांपर्यंत पोहोचू शकते. किनाऱ्यावरील वस्त्या उठल्या, तर होड्यांबरोबर हे ज्ञानही नाहीसे होईल. उतरण्याची जागा नकाशावर दाखविता येते. उतरण्याची वेळ मात्र तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते.